माग बंद असतानाची गाणी

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, तुमची आई सांगते ते खरं का? म्हणजे ज्या बँडांची नावं कुणी ऐकली नव्हती त्यांची गाणी ही आजी भिवंडीत बसून ऐकायची आणि त्यांना मार्क द्यायची, हे खरं का? मी हो म्हटलं. "आजी, तू भारी आहेस," असं म्हणून तुम्ही हसलात. फोन ठेवला आणि तो 'भारी' शब्द मला दिवसभर टोचत राहिला. गोष्ट खरी आहे. पण तुमची आई ती सांगताना भिंतीपलीकडच्या शेडबद्दल बोलत नाही. तिला सगळं ठाऊक नव्हतं. तुमचे आजोबा आता नाहीत. म्हणजे सांगायचं ते मीच सांगायला हवं, आणि फोनवर माझी वाक्यं नीट लागत नाहीत, म्हणून लिहिते.

भिवंडीतल्या कामतघरला आमचं घर आणि आजोबांची मागांची शेड यांच्यात एकच भिंत होती. पलीकडे माग चालले की इकडे मांडणीवरचे पेले हलत. मी ठाण्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली आणि पुढे इंग्रजीच शिकवणारी. लग्न होऊन आले तेव्हा त्या खटखटीनं माझं डोकं उठायचं. मग सवय झाली. आमच्या घरी सगळे भांडल्यासारखे बोलतात, असं पाहुणे म्हणायचे. भांडत नव्हतो, मागांच्या वर आवाज काढत होतो. गाणं असं घरात नव्हतंच. रेडिओ लावायचा तर तो मागांपेक्षा मोठा लावावा लागे, आणि मग ते गाणं राहत नसे.

तुमची आई ठाण्याला कॉलेजात जायला लागली, त्या सुमारास इंटरनेटवर नवनवे बँड आपली गाणी स्वतःच टाकू लागले होते. कंपनी नाही, कॅसेट नाही, जाहिरात नाही. चार मुलं कुणाच्या तरी गॅरेजमध्ये नाहीतर न्हाणीघरात वाजवायची आणि गाणं जगापुढे ठेवून द्यायची. कुणी थंडीच्या देशातल्या आडगावचे, कुणी शिलाँगचे, कुणी अंधेरीचे. तुमची आई कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत बसून ती उतरवून घ्यायची. एक गाणं उतरेपर्यंत तिचा डबा खाऊन व्हायचा. मग त्यांची चकती करून घरी आणायची. आमच्याकडे पेन्सिल सेलवर चालणारा एक छोटा सीडी प्लेअर होता आणि कानात घालायच्या वायरींची एकच जोडी. डावा कान माझा, उजवा तिचा.

पण ऐकायचं कधी? माग दिवसपाळीला चालत आणि रातपाळीलाही. सुट्टीच्या दिवशी घरात पाहुणे. उरायची ती लाइट गेल्यावरची वेळ. त्या वर्षांत भिवंडीत लोडशेडिंग इतकं होतं की लाइट असणं हीच बातमी. लाइट गेली की पलीकडचे माग एकामागून एक थांबत आणि घरात अशी शांतता पसरे की पाण्याच्या मडक्याचं ठिबकणं ऐकू येई. त्या शांततेत आम्ही मायलेकी स्वयंपाकघराच्या जमिनीवर टेकून बसायचो.

पहिल्यांदा मला ती गाणी आवडली नाहीत. गाणाऱ्याला सर्दी झालीय असं वाटे. मी पाठकोऱ्या कागदावर दहापैकी चार, दहापैकी साडेतीन असे मार्क लिहायची.

"आई, हे पेपर तपासणं नाहीये," तुमची आई म्हणे.

"मग त्याला सांग, शब्द नीट उच्चार."

"त्याला नीट उच्चारायचंच नाहीये."

"असं वर्गातली मुलंही म्हणतात."

पण दोनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही हा माझाच नियम होता, आणि दुसऱ्यांदा ऐकताना काहीतरी व्हायचं. ती मुलं मोठ्या गोष्टींबद्दल गात नसत. चुकलेली बस, वाळत घातलेले कपडे, फोन न उचलणारा भाऊ. मी आयुष्यभर चांगलं इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीत कुणी इतकं साधं, शेजारच्या घरातल्यासारखं बोलू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. अजून कुणी ऐकलं नाही ते आपण ऐकतोय, याचीही एक धुंदी होती. मार्कांत मी साडेसातपर्यंत गेले. मग मी लाइट जायची वाट पाहू लागले.

आता ऐका, कशाची वाट पाहत होते ते. लाइट गेली म्हणजे माग बंद. विणकरांची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. कापड नाही तर मजुरी नाही. आणि तुमच्या आजोबांनी त्याच वर्षी मला सांगून ठेवलं होतं, "असंच चाललं तर माग इकावं लागतील गो." त्यांच्या वडिलांनी खाडीकाठची जमीन विकून ते माग घातले होते. हे सगळं माहीत असून मी चकत्या काढून, सेल चार्ज करून तयार बसायची.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला सगळं आखून लागतं. मी वीज कचेरीतल्या ओळखीच्या बाईकडून आठवड्याचं वेळापत्रक मिळवलं, मोठ्या कागदावर उतरवलं, लाइट जाण्याच्या वेळा लाल पेन्सिलीनं रंगवल्या आणि कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. तो गाण्यांसाठी होता. कुठल्या वारी कुठली चकती ऐकायची ते मी त्यावरून ठरवायची.

आजोबांनी तो पाहिला आणि हरखून गेले. त्यांना वाटलं, मागांसाठी केलाय. ते त्यावरून कामं लावू लागले. लाइट नसेल तेव्हा नवीन बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवून धागे जोडायचे, लाइट असेल तेव्हा एक क्षण माग थांबवायचा नाही. खरंच थोडं कापड जास्त निघू लागलं. ते शेडमध्ये सर्वांना सांगायचे, "घरात शिकलेलं मानूस असलं का असा फायदा होतो." आमचे सगळ्यांत जुने विणकर, ज्यांना सारे चाचा म्हणत, ते सकाळी दारातून हाक देत, "मैडमजी, आज लाइट का क्या हुकुम है?" आणि मी पाठ असल्यासारखं सांगायची. ईदला चाचांनी माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा वेगळा आणला. "आपकी वजह से," असं म्हणाले. मी तो घेतला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

एका दुपारी लाइट वेळापत्रकाच्या खूप आधी आली. आम्ही एक गाणं ऐकत होतो, चार मुलांच्या एका बँडचं, शेवटाकडे आलेलं. पलीकडे पहिला माग सुरू झाला. कानात वायर असली की आपण किती मोठ्यानं बोलतो ते आपल्याला कळत नाही, आणि मी तर मागांच्या घरातली. मी ओरडले, "शी! आली मेली एवढ्यातच! अजून अर्धा तास आली नसती तर काय बिघडलं असतं!"

तुमची आई माझ्या मागे बघत होती. मी वळले. दारात आजोबा पाण्याच्या तांब्यासाठी आले होते आणि त्यांच्यामागे चाचा.

चाचाच पहिले हसले. "मैडमजी, हमारी रोटी से क्या दुश्मनी है आपकी?" बाहेर ओट्यावर बसलेले बाकीचेही हसले. आजोबा हसले नाहीत. "चला रे, माग लावा," एवढं म्हणून गेले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "तो लाल पेन्सिलीचा कागद कोनासाठी केलास गो?"

"दोन्हीसाठी," मी म्हटलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आवाजाचा तरास होता तर बोलायचंस. इतकी वर्सं कदी बोलली न्हायस."

मी म्हटलं, त्रास नाही. पण ते पटण्यासारखं नव्हतं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते स्वतःलाच दोष देत होते, आणि मी त्यांना तसं करू दिलं.

दुसऱ्या दिवशी लाइट गेल्यावर ते आले आणि आमच्याशेजारी जमिनीवर बसले. "दाव, काय ऐकता मायलेकी." मी माझा डावा कान त्यांना दिला. तुमच्या आईनं तेच चार मुलांचं गाणं लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"याचा ढोलवाला मागं पडतो हाय," ते म्हणाले. "आपल्या कोपऱ्यातल्या मागासारका. पट्टा ढिला हाय त्याचा."

"बाबा, ते मुद्दाम आहे!"

"मुद्दाम कोन पट्टा ढिला ठेवतं?"

त्यानंतर ते अधूनमधून येऊन बसायचे आणि म्हणायचे, "लाव त्या ढिल्या पट्टेवाल्याचं." तुमची आई गोष्ट सांगते ती, शेड वगळून, इथवरची. ती इथं संपली असती तर मी हे लिहिलं नसतं.

पुढच्या वर्षी माग गेले. सूत महाग झालं होतं, लाइट तशीच होती, आणि कागदावर काहीही रंगवून ती येत नव्हती. टेम्पोत भरून माग भंगाराच्या भावानं गेले. चाचा गावी परतले, जाताना मला सलाम करून म्हणाले, "अब आराम से सुनिए, मैडमजी." ते चिडवत होते, नेहमीसारखंच. शेड एका व्यापाऱ्यानं गोदामासाठी भाड्यानं घेतली.

आता घरात दिवसभर शांतता होती. तुमची आई शिकायला परदेशी गेली होती, प्लेअर कपाटात होता. एका दुपारी आजोबा आरामखुर्चीत बसून म्हणाले, "आता ऐक की तुजी गानी. कोन अडवतंय?" तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

माझ्या इच्छेनं वीज जात नव्हती, हे मला समजतं. पण ती जावी असं मला वाटत होतं, रोज, आणि ज्यांचं नुकसान होत होतं ते मला शहाणी म्हणत होते. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी, आजोबा बाहेर गेले असताना, मी ते गाणं लावलं. पहिल्यांदाच दोन्ही कानांनी. उजव्या कानात एक मुलगी गात होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हलक्या आवाजात, त्या मुलाच्या सोबतीनं. मला ती कधी ऐकूच आली नव्हती, आणि आजोबांनाही नाही, कारण आम्हा दोघांच्या वाट्याला डावाच कान आला होता. त्यांना ते ऐकवावं असं फार वाटलं. पण गाणं लावायचं म्हणजे सगळा विषय पुन्हा काढायचा. मी ऐकवलं नाही. मग ते राहूनच गेलं.

तुम्ही विचारलंत, तो बँड आता कुठे सापडेल. तुमच्या आईनं शोधलं. इंटरनेटवरचं त्यांचं पान बंद झालंय, त्यांचं दुसरं गाणं निघालं की नाही तेही कळत नाही. चकती माझ्याकडे आहे. तिच्यावरची बरीच गाणी अडकतात, पण ते एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतं, दोन्ही कानांत. आणि शेडमध्ये, व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत, जिथे माग जमिनीला बोल्टांनी बसवले होते तिथे सिमेंटनं बुजवलेल्या गोल खुणा आहेत. त्या अजून दिसतात.