न आलेली गिअरची गाडी

क्लच पायानं सोडायचा नसतो, कानानं सोडायचा असतो, असं माझा दादा शिकवायचा. इंजिनाचा आवाज जरा बसला, जड झाला, की समजायचं गाडीनं पकड घेतली. मग रेस द्यायची. मलाही त्यानं असंच शिकवलं, शिराळ्याच्या अलीकडच्या माळावर, त्याच्या जुन्या जीपमध्ये. मी तेव्हा सांगलीत शाळेत गणित शिकवत होते आणि स्वतःला काही शिकायची वेळ आली की मला घाम फुटायचा. दादा शेजारी बसून डोळे मिटायचा. "मी बगत न्हाई. तू आयक. गाडी काय म्हणती बग."

दादा सैन्यात ड्रायव्हर होता. शेवटची काही वर्षं तो नव्या जवानांना जड ट्रक चालवायला शिकवायचा, तेही डोंगरातल्या रस्त्यांवर. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यानं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. आमच्या भागातले कितीतरी पुरुष आणि बऱ्याच बायका त्याच्याच हाताखाली शिकल्या. वहिनी लवकर गेली. एकच मुलगी, माझी पुतणी. ती चालायला लागली तेव्हापासून जीपमध्ये बापाच्या मांडीवर बसून गिअरच्या दांड्याशी खेळायची.

दादाला एकच हौस होती, आणि ती आफ्रिकेतून आली होती. शांतिसेनेच्या तुकडीबरोबर तो तिकडे वर्षभर होता. तिथल्या कुणा युरोपियन मेकॅनिकनं एकदा आपली छोटी लाल गाडी त्याला चालवायला दिली. दिसायला साधी, आपल्या मारुतीएवढी, पण अंगात जोर रेसच्या गाडीचा. मोकळा रस्ता, गिअर उजव्या हाताला. दादा सांगायचा, "तिसरा टाकला आनि कुनीतरी पाठीवर हात ठिवून म्होरं ढकलल्यागत झालं. लय गाड्या चालवल्या गं, पर ती एकच गाडी मला चालवत हुती."

त्याच गाडीची नवी पिढी त्याला घ्यायची होती. पैशाची अडचण नव्हती. पेन्शन होती, ड्रायव्हिंग स्कूल बरं चाललं होतं, ऊस होता. अडचण होती ती गाडी मिळण्याची. मोबाईल हातात आल्यापासून जगात ही गाडी कुठं गिअरची मिळते आणि कुठं ऑटोमॅटिक, याचा तो पाठपुरावा करायचा. दिवाळीला घरी गेलं की मला सगळं ऐकावं लागायचं. जर्मनीत दोन्ही मिळतात. जपानात गिअरची मागणारे हट्टी लोक आहेत. अमेरिकेत तर बहुतेक सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक, पण तिथली गिअरवाली मंडळी कंपनीला पत्रं लिहून लिहून थोड्या तरी गाड्या काढायला लावतात. इंग्लंडमध्ये मिळते, आणि इंग्लंडची गाडी आपल्यासारखीच, स्टेअरिंग उजवीकडं. "मंग आमाला का न्हाई? त्यास्नी दोन पाय हायत, आमाला एक हाय व्हय?"

मी हसायचे. एवढं प्रेम त्यानं माणसांवरही दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुतणी इंजिनियर झाली आणि पुण्यात एका परदेशी गाड्यांच्या कंपनीत लागली. योगायोग असा की ती लाल गाडी त्याच कंपनीची. कुठलं मॉडेल भारतात आणायचं, कुठल्या इंजिनाचं, कुठल्या गिअरबॉक्सचं, हे ठरवणाऱ्या विभागात ती होती. दादाची छाती फुगली. गावात तो सांगत सुटला की आता गाडी आमच्या घरातूनच ठरणार. त्यानं तिला विचारलं, "गिअरची यील का गं?" ती म्हणाली, "बघू पप्पा." पुढं वर्षभर तो विचारत राहिला आणि ती बघू म्हणत राहिली.

मग एका रविवारी बातमी आली. मी त्याच्याकडेच होते. गाडी भारतात येणार होती, मोजक्या संख्येनं, आणि फक्त ऑटोमॅटिक. दादानं मोबाईल लांब धरून ती बातमी दोनदा वाचली आणि लेकीला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून. पप्पा, अहवाल माझ्याच टीमचा होता. मीच लिहिला."

दादानं फोन ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. पुढचे तीन महिने तो तिच्याशी बोलला नाही.

मला तिनं नंतर समजावून सांगितलं. प्रत्येक देशात गाडी वेगळी पास करून घ्यावी लागते. ऑटोमॅटिकची चाचणी वेगळी, गिअरच्या गाडीची वेगळी. एवढ्या थोड्या गाड्यांसाठी तो व्याप कुणी करत नाही. "आणि आत्या, लोक तोंडानं म्हणतात गिअरची पाहिजे. घ्यायच्या वेळी ऑटोमॅटिकच घेतात. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय कोण झिजवणार? मला जे दिसलं ते मी लिहिलं. खोटं कसं लिहू?"

"मग त्याला आधीच का नाही सांगितलंस?"

"पप्पा इतक्या आनंदानं विचारायचे." ती म्हणाली. "मला तोंड उघडवेना."

मी तिला रागावले. रागवायचा अधिकार मला नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. कारण मीही एक गोष्ट दडवून बसले होते.

त्या बातमीच्या आधी, भाऊबीजेला दादा पाटावर बसला तेव्हा त्याच्या पायात मोजे होते. मी म्हटलं, "ओवाळून घ्यायला मोजे घालून बसतोस?" तो म्हणाला पाय गार पडतात. ओवाळताना मला त्याच्या डाव्या मोज्यावर करंगळीच्या बाजूला तपकिरी डाग दिसला. दादाला साखर होती, गोळ्या तो आठवेल तेव्हा घ्यायचा. मी ताट खाली ठेवून विचारलं तर म्हणाला, "घट्टा फुटलाय. पोरीला सांगू नगंस, लगीच पुण्याला न्यायला बसंल." मी बरं म्हटलं. त्याचा पाय उघडून पाहिला नाही. त्या दिवशी पुरणपोळ्या होत्या आणि मी त्याला दोन वाढल्या.

फेब्रुवारीत दादाचा फोन आला. आवाजात पूर्वीचा उत्साह होता. मिरजेतल्या एका डॉक्टरांकडे त्याच कंपनीची जुनी, जोरदार इंजिनाची गाडी विकायला होती, आपल्याकडे त्या अजून गिअरच्या मिळत होत्या त्या काळातली. डॉक्टरांचे गुडघे दुखायला लागले होते म्हणून ते ऑटोमॅटिक घेणार होते. "तू चल माझ्यासंगं. तुला बोलता येतंय."

आम्ही सकाळी गेलो. डॉक्टर पन्नाशीचे, सर्जन, बोलायला मोकळे. गाडी राखाडी होती, ठेवलेली छान. दादानं तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. डॉक्टरांनी किल्ली त्याच्या हातात दिली. "काका, घ्या एक चक्कर. म्हैसाळच्या रस्त्याला चला." ते मागे बसले, मी दादाच्या शेजारी.

गाडी जागेवरून निघताना बंद पडली. दादा म्हणाला, नवी गाडी, अंदाज नाही. दुसऱ्यांदा ती निघाली, फाटकातून बाहेर आली आणि चौकात वळताना पुन्हा बंद पडली. दादाच्या हातून गाडी बंद पडलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यानं एसी बंद केला आणि काच खाली घेतली. आवाज ऐकायला. पण त्या गाडीचं इंजिन अगदी मऊ होतं आणि बाहेर रस्त्याचा गलका. म्हैसाळच्या रस्त्याला लागल्यावर एका उसाच्या ट्रॉलीमागे आम्हाला थांबावं लागलं. ट्रॉली हलली. दादानं क्लच सोडला, गाडी हिसका देऊन पुढं उडाली आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले.

दादा मान खाली घालून आपल्या डाव्या पायाकडे बघत होता. पाय पेडलवर आहे की नाही, हे त्याला बघून ठरवावं लागत होतं.

मागून डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "काका, तुम्हाला पाय कळतोय का?"

दादानं मान हलवली, नाही म्हणून.

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली आसतील," दादा म्हणाला. "जीपचा आवाज ठावा हाय. त्याच्यावर भागत हुतं."

दोन वर्षं तो त्या पायानं माणसांना गाडी शिकवत होता.

डॉक्टरांनी दादाला मागे बसवून गाडी बाजूला लावली, मागचं दार उघडून ते रस्त्यावर उकिडवे बसले आणि दादाचा बूट काढला. आधी वास आला. मग बुटातून एक लहानसा लोखंडी नट खाली पडला, जीपच्या कुठल्याशा भागातला. तो बुटात कधी पडला होता कोण जाणे. त्याच्यावर दादा चालत होता, क्लच दाबत होता, आणि त्याला पत्ता नव्हता. मोजा जखमेला चिकटला होता. करंगळी काळी पडली होती.

"हे दिवाळीपासूनचं आहे," मी म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे वर पाहिलं. ती नजर मला अजून सहन होत नाही.

तिथून सरळ मिरजेतच दवाखान्यात. आधी करंगळी काढली. आठवड्यानं अर्धं पाऊल. विष वर चढत होतं. तिसऱ्या वेळी गुडघ्याच्या खाली पाय काढला. गाडी विकायला बसलेल्या त्याच डॉक्टरांनी काढला. शस्त्रक्रियेआधी ते दादाला म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी गाडी बघायला आला नसता तर आणखी पंधरा दिवसांनी तुम्हाला वाचवता आलं नसतं." दादा म्हणाला, "व्हय." त्यात आनंद नव्हता.

पुतणी पहिल्याच दिवशी पुण्याहून आली होती. तीन महिन्यांचा अबोला असा सुटला. ती खाटेशी बसून राहायची, त्याच्या तोंडाला पाणी लावायची. पाय काढल्याच्या चौथ्या दिवशी दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुजा अहवाल बरोबर हुता. त्यात आता लिव. गिअरवालं आनकी एक गिऱ्हाईक कमी झालं."

ती उठून बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती रडत होती. मला म्हणाली, "आत्या, तू पाहिलं होतंस. मला एक फोन केला असतास."

"त्यानं सांगू नको म्हटलं."

"आणि तू ऐकलंस."

मी हो म्हटलं. ती मला लागेल असं बरंच बोलू शकली असती. तिनं डोळे पुसले आणि ती परत आत गेली.

पावसाळ्यानंतर दादाला कृत्रिम पाय बसवला. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं. जीप एका भंगारवाल्यानं नेली, तेव्हा तो घरात झोपून होता, निदान डोळे मिटून पडला होता. पुतणीनं एक साधी ऑटोमॅटिक गाडी गावी आणून ठेवली. डावा पाय लागत नाही, आरटीओत लायसन बदलून मिळेल, सगळं तिनं विचारून आणलं होतं. दादानं दोन महिने त्या गाडीकडे पाहिलं नाही. मग दर पंधरवड्याला मिरजेला तपासणीसाठी कुणाला तरी बोलवायचा त्याला कंटाळा आला. तो आरटीओत गेला, मैदानावर गाडी फिरवून दाखवली, पास झाला. लोक म्हणाले, बघा, हिंमत बघा. दादा त्यांना नमस्कार करायचा.

मी बरेचदा त्याच्याबरोबर मिरजेला जायचे. तो गाडी चांगली चालवायचा. बोलायचा मात्र नाही. पूर्वी रस्त्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवणारा माणूस, आता समोर बघून नुसता जायचा.

गेल्या उन्हाळ्यात आष्ट्याच्या पुढं त्यानं एका झाडाखाली गाडी थांबवली, हातब्रेक लावला, किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तू चालीव."

"काय झालं?"

"उजव्या बी पायाचं कळंना झालंय. म्हयना झाला. मगाशी ब्रेक दाबला का रेस, मला ठरवता आलं न्हाई."

समोर शाळा सुटलेली होती. रस्त्याच्या कडेनं मुली सायकली घेऊन चालल्या होत्या. मी त्या मुलींकडे बघत राहिले. मग मी तिथूनच आधी डॉक्टरांना फोन केला आणि नंतर पुतणीला. दादा पलीकडून उतरून, गाडीला धरत धरत माझ्या बाजूला आला. त्यानं मला अडवलं नाही.

आता तो पुण्यात लेकीकडे असतो, अकराव्या मजल्यावर. उजवा पाय अजून आहे. रोज सकाळी पुतणी कामाला जायच्या आधी तो पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्यांत बॅटरी मारून बघते. परवा मी गेले होते तेव्हा ती तो पाय पुसता पुसता म्हणाली, "पप्पा, इंग्लंडमध्ये पण गिअरची बंद केली. पुढच्या मॉडेलपासून सगळीकडं ऑटोमॅटिकच."

"जर्मनीत?"

"तिथं पण."

दादानं विचारलं, "तितं कारखान्यात गिअरबॉक्स बसवनारी मानसं आसतील की. त्यांचं काय केलं?"

ती म्हणाली, माहीत नाही. विचारून सांगते.