मेंदीतलं कोरं बोट

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सेक्टर २२च्या बाजारात मेंदीवालीपाशी आम्हा होस्टेलच्या मुलींची गर्दी होती. ती प्रत्येकीचा डावा हात हातात घेऊन विचारायची, "उँगली छोड़नी है?" आणि तर्जनी कोरी ठेवायची. उद्याची शाई फोटोत उठून दिसावी म्हणून. हे खूळ रील्समधून आलं होतं.

मी साताऱ्याची, पण शिकायला इथं उत्तरेत आलेली, आणि मतदारयादीत नावही इथंच नोंदवलं होतं. माझं पहिलंच मतदान. मेंदीतल्या निलगिरीच्या तेलाचा वास, मावळायचं विसरलेलं ऊन, तळव्यावर उतरणारी गार वेल. मला गुंगीच आली. त्या गुंगीत दिसलं, की कोनाचं टोक ती दरवेळी स्वतःच्या डाव्या तर्जनीला पुसते. ते बोट नखापर्यंत काळपट झालं होतं.

"आंटीजी, आपकी स्याही तो दिखेगी ही नहीं!"

ती वर न बघता हसली. "कभी नहीं दिखती, बेटा. बटन तो दबता है."

दुसऱ्या दिवशी फोन उघडला, तर नुसती बोटंच बोटं. माझंही त्यांतच. मी एकेक फोटो वर सरकवत राहिले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, त्या सगळ्यांत मी एक काळपट बोट शोधत होते.