गाऱ्हाण्यातला शब्द

देवाचा राग येतो, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही. मी लिहून दाखवते. यजमान जाऊन दहा महिने झाले, राग अजून निवलेला नाही. तरी देवळाची वाट सुटली नाही, ती एका जुन्या गोष्टीमुळे.

तेव्हा ते सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवत. न्युमोनिया झाला, ताप उतरेना, फुप्फुसाभोवती पू साचला. डॉक्टर म्हणाले, छाती उघडून साफ करावी लागेल. आम्ही डिचोलीची माणसे अशा वेळी देवाला कौल लावतो. मूर्तीला पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणे घालायचे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भटजींनी विचारले, "बाय, शब्द कितें घालूं?" मी शाळेत मराठी शिकवणारी. नेमके वाक्य मीच दिले : "यांची छाती उघडावी का?"

डावी पाकळी पडली.

"देव नाय म्हणता. सोंपला," म्हणत हे भिंतीकडे तोंड करून निजले. आठ दिवस मी त्यांच्याशी भांडले, सासूबाईंशी भांडले, देव्हाऱ्यातला दिवा लावणे बंद केले. नवव्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ निळे पडले. कुणाला न विचारता शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून मी त्यांना मोठ्या इस्पितळात नेले. तिथे छातीचे नवे सर्जन आले होते. फोटो पाहताच ते कडाडले, "आठ दीस कित्याक रावलीं? मनीस मारपाचो आशिल्लो?"

"देवाने नको म्हटले म्हणून!" मीही ओरडले.

वाटले, हसतील. त्यांनी उलट विचारले, "देवाक कितें विचारिल्लें? शब्दान शब्द सांगात."

मी सांगितले. त्यांनी खिशातले पेन काढून यांच्या बरगड्यांवर तीन ठिपके काढले. "मागीर देव सारकेंच सांगता. छाती हांवूय उक्ती करिना. तीन बुराक मारतलों, एकांतल्यान कॅमेरो घालतलों."

उक्ती म्हणजे उघडी, बुराक म्हणजे भोके. बोटाएवढी तीन भोके, आणि माणूस वाचला. 'प्रश्न नीट वाचा' असे मुलांच्या वह्यांत वर्षानुवर्षे लिहिणारी मी. आठ दिवसांचा सगळा संताप उलटून माझ्याच अंगावर आला. हे शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "देवान माजी बासरी केल्यान गो. आता वाजयतलो कोण?"

ती बासरी सहा वर्षे घरात बोलली, चिडली, चहात साखर कमी म्हणून कुरकुरली. मग एका सकाळी दाढी करताना त्यांचे हृदय थांबले. या वेळी देवाने विचारायलाही वेळ दिला नाही. सहा वर्षांचा श्वास त्याने दिला, हे मी कबूल करते आणि हात जोडते. राग आहे, हेही त्याच्यासमोरच कबूल करते.

गेल्या सोमवारी देवळात गेले. भटजींनी पाकळी लावली आणि सवयीने विचारले, "बाय, शब्द कितें घालूं?"

"या वेळी शब्द नको," मी म्हटले.

बऱ्याच वेळाने पाकळी पडली. कुठली, ते मी पाहिले नाही.