डोल्मादीदींचा खारट चहा

परवा तूप कढवायला चुकून मिठाचं बटर आणलं. पातेल्यातून खारट वाफ आली आणि अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली २००८ सालची एक गारठलेली दुपार आठवली.

लायब्ररीसमोर काही तिबेटी बायका, कमरेला रंगीत पट्ट्यांचे एप्रन बांधून, मुकाट्याने उभ्या होत्या. हातातल्या फलकांवर तिबेटमध्ये तुरुंगात असलेल्या बायकांचे फोटो. त्यांच्यातल्या डोल्मादीदी आमच्या शेजारीण. कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत वाढलेल्या, त्यामुळे हिंदी फर्डं. त्यांनी मलाही एक फलक दिला.

"नको दीदी. ग्रीन कार्ड अटका है. किसी ने फोटो लिया तो?"

"कोई बात नहीं भैया. चाय तो पियो."

लोणी घातलेला तो खारट चहा मला घशाखाली उतरेना. पण टाकणं बरं दिसत नाही म्हणून संपवला आणि निघालो, तर त्यांनी कप पुन्हा भरला. मी संपवत गेलो, त्या भरत गेल्या. असा तासभर मी त्या रांगेतच उभा!

शेवटी दीदींना हसू आवरेना. "बस करना है तो कप भरा छोड़ दो, भैया. हमारे यहाँ खाली कप मतलब और चाहिए."

"पहले क्यों नहीं बताया?"

"लाइन लंबी दिख रही थी ना!"

त्या दिवशी फलक मी घेतला नाहीच. ते अजून सलतं. पण त्यानंतर मी जे केलं, त्याचं आजही नवल वाटतं. रीत कळली होती, कप भरलेला होता. मी तो संपवला आणि पुन्हा पुढे केला.