पाळी यावी म्हणून घेतलेली गोळी

त्या वर्षी गौरी आल्या तेव्हा माझं देवाशी बोलणं बंद होतं. हिंजवडीच्या आमच्या कंपनीत सगळ्यांची वार्षिक तपासणी झाली, तीत माझ्या लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. "ड्रिंक्स घेता का?" डॉक्टरांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या हार्मोनच्या गोळ्यांवर ठपका ठेवला. "बंद करा."

मला टर्नर सिंड्रोम आहे. जन्मतःच एक एक्स गुणसूत्र कमी. अंडाशयं काम करत नाहीत, म्हणून इस्ट्रोजेन बाहेरून घ्यावं लागतं, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. हे सगळं ठाऊक असूनही मी घाबरून गोळ्या थांबवल्या. पाठोपाठ पाळी थांबली. गौरीसाठी घरोघरी बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. मी ती यावी म्हणून घेत होते. वहिनी खुशीत म्हणाली, "वन्सं, तुमची अडचण कायमची मिटली. नैवेद्य आता तुम्हीच दाखवा. देवानंच सोय केली बघा!"

"देवाला दुसरे उद्योग नाहीत वाटतं," म्हटलं आणि चपला घालून बाहेर पडले.

बुधवार पेठेत गणपतीसमोर रस्त्यावरच उभी राहिले. हात जोडले नाहीत. लग्न झालं नाही, मूल झालं नाही, तक्रार केली नाही. निदान हाडं तरी धड ठेवायचीस, असं त्याला मनात सुनावत होते. तेवढ्यात जाणवलं, शेजारची बाई माझ्या मानेकडे बघतेय. माझी मान आखूड आणि दोन्ही बाजूंना पसरट आहे.

"काय हवंय?" मी खेकसले.

"ताई, रागावू नका." त्या बुरखेवाल्या बाईंनी मागच्या मुलीला पुढे घेतलं. "ही माझी सना. हिलाही टर्नर आहे."

तशीच मान, तशीच ठेंगणी चण. माझ्यासारखं दुसरं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. रस्त्यातच सगळं सांगून टाकलं. सनाची आई चक्रावली. "हिचेही आकडे वाढलेत. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, टर्नरमध्ये असं होतं. हार्मोननं पुष्कळदा उलट सुधारतं. कुणी बंद करायला सांगितलं तुम्हाला?"

"मला एका डॉक्टरांनी विचारलं, दारू पितेस का," सना म्हणाली. "आठवीत आहे मी!"

सनाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सगळ्या तपासण्या करून हार्मोन पुन्हा सुरू केलं, लिव्हरवर लक्ष ठेवलं. हळूहळू आकडे उतरले. कंपनीच्या डॉक्टरांना सांगितलं, तर "असं होय?" एवढंच म्हणाले. तो राग अजून गेलेला नाही.

मायलेकी त्या दिवशी रेडिओ दुरुस्तीला आल्या होत्या. दुकान बंद होतं, म्हणून रेंगाळल्या. दुकान कुणी बंद ठेवलं, याची चौकशी मी करत नाही. रोज गोळी घेते, वेळच्या वेळी तपासून घेते. त्यापुढचं त्याच्यावर सोपवते, आणि हो, आता हात जोडून.