रेड एल आणि माझं नाक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. डॉक्टरकडेही गेलो नाही. तिथे गेलो तर कागदावर येईल, आणि कागद कुणाच्या ना कुणाच्या हाती लागतोच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तरी लिहिताना दार लावून घेतलंय.

आधी माझ्या नाकाचं सांगतो. सदाशिव पेठेत आमच्या मजल्यावर कुणाच्या आमटीत गोडा मसाला जास्त पडलाय, हे मी जिन्यातूनच ओळखायचो. पुढे सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागलो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायला. ते आम्हा पेठेतल्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. तिथलाच मित्र निखिल नोकरी सोडून मांजरी गावाच्या पुढे बिअरची छोटी ब्रुअरी काढून बसला आणि म्हणाला, "तुझं नाक मला दे." दिलं. त्या नाकावर माझं घर चालतं.

आणि एका तापात ते गेलं. ताप उतरला, वास परत आला नाही. कळलं कसं? गॅसवर दूध करपून काळं झालं आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो. बायको धावत आली, "अहो, नाक गहाण टाकलंय का?" मी म्हणालो, सर्दी आहे. ती सर्दी आज सहा वर्षं चालू आहे.

तेव्हाच निखिलला सांगता आलं असतं — नाही का?

आमच्याकडे चव घ्यायची एक रीत आहे. सकाळी अकराला, चहा न पिता, अत्तर न लावता बसायचं. न बोलता वास घ्यायचा, घोट घ्यायचा, मत चिठ्ठीवर लिहून घडी घालायची. मग चिठ्ठ्या उघडायच्या. जुळल्या नाहीत तर निखिलला बोलवायचं. बसायचो दोघंच, मी आणि शुभांगी. ती वर्ध्याची, मायक्रोबायोलॉजी शिकलेली. टाकीतून पिंपांत बिअर भरण्याचं कामही तिच्याचकडे. मी नेहमी तिच्या समोर बसायचो. तिच्या कपाळाला आठी पडली की 'शंका' लिहायचो, नाही पडली की 'उत्तम'. वर्षभर चिठ्ठ्या जुळल्या. निखिल कौतुक करायचा.

मग ती रेड एल आली. शहरातल्या हॉटेलांत जाणारी आमची पहिली बिअर. तिचा लाल रंग उजेडात बघायला शुभांगी ग्लास घेऊन खिडकीकडे वळली आणि तिथेच, पाठमोरी उभी राहून, तिने वास घेतला. मला फक्त तिची वेणी दिसत होती. काय लिहू? जिभेला सगळं नेहमीचं लागत होतं — आधी गोड, मग कडू. 'उत्तम' लिहिलं.

तिच्या चिठ्ठीवर होतं : शिळ्या लोण्याचा वास.

"मला तर येऊन राहिला, सर. तुम्ही अजून एकदा पाहा न."

मी ग्लास नाकाशी धरला. काही नाही. साधं पाणी असतं तरी तेच. निखिलला बोलावलं तर? त्याने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं तर? मी म्हणालो, "सकाळी पोळीला लोणी लावून आलीस का? ओठाला राहिलं असेल, पूस."

तिने खरंच ओठ पुसले. मग खाली मान घालून दुसरी चिठ्ठी लिहिली — 'उत्तम'.

दहा दिवसांत हॉटेलांतून पिंपं परत आली. म्हणे, ग्लास तोंडाशी नेववत नाही. निखिलने दोघांना बोलावून विचारलं, चव घेतानाच वास होता, की भरताना घाण गेली? शुभांगी म्हणाली, "मी वास लिहिला होता. सरांना विचारा."

मी म्हणालो, "नाही. असं काही ती म्हणाली नव्हती."

तिची पहिली चिठ्ठी तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होती.

त्या आठवड्यात तिला काढलं. जायच्या दिवशी तिने माझ्यासमोर एक ग्लास ठेवला. "सर, एवढी चव घ्या." मी डोळे मिटून सावकाश वास घेतला, ओठ टेकवले. म्हणालो, "छान. आपली रेड एल." ती बघत राहिली. रागाने नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. "बरं सर," म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. मग सफाईच्या सिंधूबाई ग्लास न्यायला आल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला. "साहेब, ह्यात हिंग कुणी कालवलाय?"

शुभांगीने कुणालाच सांगितलं नाही. फोन वाजला की मला अजून वाटतं, आज सांगितलं असेल.

तिच्या जागी आता कुलकर्णीबाई आहेत. त्या खिडकीला मी जाड पडदा लावून घेतलाय. काल अकराला नवी रेड एल आली. मी त्यांच्या समोर बसलो.