तीन ग्राफांतून जाणारी रेघ

मुलं मोठी झाल्यावर मी पुन्हा नोकरी धरली, तेव्हा माझं वय सेहेचाळीस होतं. मध्ये अकरा वर्षं कीबोर्डला हात लावला नव्हता. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल गाळ्यात सात-आठ जणांची कंपनी होती. थंड खोल्यांमध्ये, औषधांच्या गोदामांमध्ये सेन्सर बसवायचे आणि तिथलं तापमान मोबाइलवर दाखवायचं, हे आमचं काम. आमचे सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गुजराती, पण ऑफिसात सगळ्यांशी हिंदीतच बोलायचे. मी पेणकरपाड्याहून रिक्षाने जायचे. माझ्याकडे स्क्रीनवरचे ग्राफ काढायचं काम होतं.

उत्तनच्या पुढे चौक गावात मच्छीमारांच्या एका समितीची कोल्ड रूम होती. तिथे आम्ही तीन सेन्सर बसवले. एक दरवाजा कधी उघडला-बंद झाला ते टिपायचा, दुसरा खोली थंड करणारं मशीन किती करंट ओढतंय ते आणि तिसरा आतलं तापमान. मी तिघांचे तीन ग्राफ एकाखाली एक लावले. वर दरवाजा, मध्ये मशीन, खाली तापमान. तिन्ही ग्राफांखाली वेळेचे आकडे लिहिले तर मोबाइलवर फार गर्दी होत होती. म्हणून वरच्या दोघांचे आकडे मी काढून टाकले आणि फक्त सर्वांत खालच्या ग्राफाचे ठेवले. छान मोकळं दिसायला लागलं. सरांनाही आवडलं.

सेन्सर नीट चालतायत ना, हे बघायला मी तेव्हा एकदा चौकला गेले होते. खोलीची चावी एका काकींकडे असायची. साठीच्या असतील. सकाळी आठला खोली उघडायची, कुणाची मच्छी किती आली ते बघायचं, बर्फ भरून घ्यायचा, हे सगळं त्या एकट्या करायच्या. त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "ह्या डब्या माझ्यावर नजर ठेवायला लावल्या काय गं बाय?"

"नाही हो काकी, मशीनवर नजर ठेवायला," मी म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं होतं.

तीनेक महिन्यांनी एका दिवशी तिथली सगळी पापलेटं आणि सुरमई खराब झाली. समितीच्या अध्यक्षांनी आमच्याकडे रिपोर्ट मागितला. सरांनी तिन्ही ग्राफांचा प्रिंट काढला, पट्टी उभी धरून पेन्सिलने रेघ मारली आणि लिहून पाठवलं: बाराच्या सुमारास दरवाजा उघडला गेला, बाहेरची गरम हवा आत शिरली, मशीनवर लोड येऊन ते बंद पडलं, मग तापमान चढलं. मीही तो कागद पाहिला होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

काकींचं म्हणणं वेगळं होतं. जेवून परत आले तर मोटरचा आवाज येत नव्हता, म्हणून आत बर्फ टाकायला दरवाजा उघडला, असं त्या सांगत होत्या. पण कागदावर दरवाजा आधी आणि मोटर नंतर होती. समितीने त्यांच्याकडून चावी काढून घेतली. हे आम्हाला अध्यक्षांनीच फोनवर सांगितलं, वर आमचे आभार मानले.

त्यानंतर सर मला म्हणाले, "मॅडम, हर बार पट्टी लेके कौन बैठेगा? तीनों ग्राफ के ऊपर से एक लाइन दे दो ना. उंगली से खिसकाने वाली. जहाँ रखो, तीनों की रीडिंग दिखाए."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पहिल्या दिवशी तिन्ही ग्राफांवरून जाणारी एक उभी रेघ काढली. ती बोटाने धरली की सरकायची, पण तिच्याबरोबर मागचा ग्राफही सरकायचा, कारण ग्राफ ओढून पुढे-मागे नेण्याची सोय आधीच होती. ते बंद केलं. मग रेघ इतकी बारीक की बोटात सापडेना. तिच्या दोन्ही बाजूंना न दिसणारी रुंद पट्टी ठेवली, ती धरली तरी रेघ यायला लागली. हे सगळं जमलं. मग मी प्रत्येक ग्राफाला विचारायला लावलं, की या जागी तुझी वेळ किती आणि आकडा किती, आणि ते रेघेच्या बाजूला लिहायला लावलं.

नमुन्याला समोर चौकचाच, मच्छी खराब झाली तो दिवस होता. मी रेघ दरवाजा उघडल्याच्या ठिकाणी नेऊन ठेवली. खालच्या दोन ग्राफांवर लिहून आलं, बारा वाजून सहा मिनिटं. वरच्या दरवाज्याच्या ग्राफावर आलं, एक वाजून पाच.

एकच रेघ आणि वेळा दोन. मला वाटलं, माझाच कोड चुकलाय. दुसरा अख्खा दिवस मी चूक शोधत बसले. अकरा वर्षं घरी बसलेल्या बाईला असंच वाटणार. संध्याकाळी चारच्या सुमारास मी वैतागून वरच्या दोन ग्राफांचे वेळेचे आकडे परत दाखवायला लावले, आणि चूक दिसली. रेघेची नव्हती. ग्राफांचीच होती.

तापमान आणि करंट दर मिनिटाला नोंदले जायचे. त्या दिवसाचे ते दोन ग्राफ सकाळी सहापासून सुरू होत होते. दरवाज्याचा सेन्सर मात्र दरवाजा हलला तरच नोंद करायचा, आणि काकी दरवाजा आठला उघडायच्या. त्यामुळे त्याचा ग्राफ आठपासून सुरू होत होता. तिन्ही संपायचे संध्याकाळी सहाला, आणि रुंदीही तिघांची सारखी. म्हणजे वरच्या ग्राफात दहा तास पसरले होते आणि खालच्यांत बारा. वरची एक वाजताची घटना खालच्या बाराच्या आकड्यावर येऊन बसत होती, आणि वरचे आकडे मीच काढून टाकले होते, मोकळं दिसावं म्हणून.

मी तिघांना एकच सुरुवात आणि एकच शेवट दिला. रेघेची जागाही स्क्रीनवरच्या अंतराने न ठरवता वेळेने ठरवली. कुठल्याही ग्राफात तिला धरा, तिन्हीकडे ती त्याच मिनिटावर उभी राहणार. मग पुन्हा तोच दिवस उघडला. बारा पंचवीसला मशीन बंद. बारा चाळीसपासून तापमान हळूहळू वर. एक वाजून पाचला दरवाजा उघडला.

काकी खरं बोलत होत्या.

मी उठून पाणी प्यायले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी स्वतः रेघ दोन-तीनदा पुढे-मागे केली. मग म्हणाले, "रिपोर्ट तो जा चुका है, मॅडम."

"म्हणूनच मला तिथे जायचंय."

"फोन पे बोल देंगे. बोलेंगे, नया व्हर्जन आया है."

"नवीन व्हर्जन नाही सर, चूक आहे. माझी आहे. मीच सांगते."

ते चिडले नाहीत, पण खूशही झाले नाहीत. समितीचं काम हातचं जाईल, ही त्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. शेवटी म्हणाले, "ठीक है, मैं भी चलता हूँ."

रविवारी आम्ही गेलो. समितीच्या खोलीत अध्यक्ष आणि पाच-सहा जण बसले होते. मी आधीच फोन करून काकींना बोलवायला सांगितलं होतं. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, माझ्याकडे न बघता. मी टॅबलेट टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितलं की आम्ही पाठवलेला कागद चुकीचा होता, का चुकीचा होता आणि चूक कुणाची होती. सर शेजारी मान खाली घालून उभे होते.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, त्या वेळेला मशीनने असं दाखवलं, आज मशीन तसं दाखवते. उद्या काय दाखवेल?"

त्यांचं चूक नव्हतं. मी टॅबलेट उचलून काकींच्या हातात दिला आणि म्हटलं, "काकी, ही रेघ बोटाने सरकवा. त्या दिवशी काय काय झालं ते तुम्हीच सांगा."

त्यांनी पदराला बोट पुसलं आणि रेघ धरली. खूप हळू सरकवली. "हितं मी जेवायला गेले." दरवाज्याची रेषा तिथे बंद होती. आणखी पुढे नेली. मधल्या ग्राफाची रेषा एकदम खाली पडली. "हितं मोटर गेली. मी तवा घरी." पुढे तापमान चढायला लागलं. मग दरवाजा. तिथे त्या थांबल्या आणि अध्यक्षांकडे बघून म्हणाल्या, "हितं मी आले. मोटर गप हाय म्हणून उघडला. मी काय सांगत होते तुला? तू ऐकला न्हाय."

मागे बसलेला एक म्हातारा नाखवा उठून आला, त्याने स्वतः ती रेघ मागे-पुढे करून पाहिली आणि म्हणाला, "बरोबर हाय."

मग मशीनच्या मागे जाऊन कुणीतरी पाहिलं. पंख्यात प्लास्टिकचा तुकडा गुंडाळलेला होता. मशीन तापून आपोआप बंद पडत होतं. मधल्या काळात ते आणखी एकदा बंद पडलं होतं, पण तेव्हा आत मच्छी नव्हती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

अध्यक्ष काकींजवळ येऊन "चूक झाली" असं पुटपुटले. काकी म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय उपयोग? चावी घेतली तवा सगळं गाव होतं." पुढच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर बोलले, असं मला नंतर कळलं. काकींनी चावी परत घेतली, पण लगेच नाही. महिनाभर त्यांनी घेतलीच नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "राग गेला की घेईन." मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "तू आलीस ना सांगायला. झालं."

समितीने आमचं काम बंद केलं नाही. सरांनी त्या आठवड्यात बाकीच्या सगळ्या ग्राहकांचे जुने रिपोर्ट माझ्याकडून पुन्हा तपासून घेतले. आणखी दोन ठिकाणी वेळा सरकलेल्या निघाल्या. तिथे कुणावर आळ आला नव्हता, पण आम्ही पत्रं पाठवली. पत्रं सरांनीच लिहिली.

चावी घेतल्यावर काकींचा फोन आला. आता त्यांच्या मोबाइलवरही ते तीन ग्राफ होते. "बाय, ही रेघ मी जिथं ठेवते तिथं काय लिहिता येईल काय?"

"काय लिहायचंय?"

"मी काय केलं ते. दरवाजा उघडला तर का उघडला. डबीला ते कसं कळणार?"

आमच्या कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. मी रेघ एकीच्या जागी हव्या तितक्या करता येतील असं केलं आणि प्रत्येकीला चिठ्ठी जोडायची सोय दिली. टाईप करणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून बोलून लिहिता येईल असं केलं. त्यांची भाषा मोबाइलला धड कळत नाही. "मोटर गप"चं तो "मोटर गप्पा" करतो. तरी त्या रोज दोन-तीन चिठ्ठ्या टाकतात. परवाची होती: बर्फाची गाडी उशिरा आली, दरवाजा वीस मिनिटं उघडा ठेवला, मला विचारून.